वाघजाईच्या राईतला शेवटचा भादवा

यंदा कारवी फुलली आहे म्हणे. ही बातमी मला वरच्या मजल्यावरच्या सानिकाने दिली. कंपनीतल्या मित्रमैत्रिणींबरोबर ती शनिवारी घाटात गेली होती. रविवारी संध्याकाळी जिना चढताना माझ्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "आजी, सॉलिड ब्लूम आहे या वर्षी. अख्खा डोंगर पर्पल. फक्त पार्किंगला जागा नाही." तिच्या पाठीवरच्या पिशवीला कारवीची एक डहाळी खोचलेली होती. ती तिने काढून मला दिली. मी नको म्हणाले नाही. पेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेवली. सकाळी उठून बघते तो सगळी फुलं ओट्यावर गळून पडलेली, जांभळ्याची राखाडी झालेली.

फुलं पुसून टाकली तरी वास गेला नाही. कारवीच्या पानांना एक चिकट, उग्र, गोडसर वास असतो. दुपारी चहाचा कप तोंडाशी नेताना तो बोटांना पुन्हा आला, आणि मग चहा तसाच निवला.

नारायण पेठेत भाद्रपद फुलांनी येत नाही, मांडवाच्या बांबूंनी येतो. आधी रस्ता जातो, मग फुटपाथ जातो, मग झोप जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जन्म इथेच गेला. पण मला भादवा म्हटलं की खडकवासल्याच्या पलीकडचं एक खोरं आठवतं. ते आता पाण्याखाली आहे.

त्या खोऱ्यात मला नेलं ते रशीदा शेखने. आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत शिकवत होतो, मी भूगोल आणि ती विज्ञान. शाळेच्या रीतीप्रमाणे ती मला केळकरबाई म्हणे, मी तिला शेखबाई, आणि दोघी एकमेकींना अहोजाहो करत असू. तिचं घर भवानी पेठेत. वडिलांचं खाली पुस्तकबांधणीचं दुकान, वर दोन खोल्या आणि त्यावर गच्ची. अब्बांच्या दुकानात खळीचा वास असे आणि लाकडी दाबयंत्रात कुणाची तरी पोथी, कुणाचं तरी पाठ्यपुस्तक दाबून ठेवलेलं असे. त्याच यंत्रात रशीदा लहानपणी पानंफुलं दाबायची. अब्बांनी तिला कधी त्यावरून रागावल्याचं मी ऐकलं नाही. फक्त एकदा एका वकिलाच्या कायद्याच्या पुस्तकातून कळलावीचं फूल निघालं, तेव्हा ते म्हणाले होते की वकीलसाहेबांना वाटेल, आपल्याला कुणी चिठ्ठी पाठवली.

रविवारी सकाळी आम्ही स्वारगेटहून एसटी पकडायचो. गाडी धरणाच्या भिंतीवरून वळून पुढे जाई, मग रस्ता संपेपर्यंत, आणि मग आम्ही चालत. खोऱ्याच्या पोटाशी वीस-पंचवीस घरांची वाडी होती आणि वाडीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठाने, वाघजाईची राई. देवराई हा शब्द आता वर्तमानपत्रात येतो. वाडीत तिला नुसतं राई म्हणत.

पहिल्यांदा गेलो तेव्हा राईच्या तोंडाशी रशीदा थबकली. देवीची जागा, आपण आत यावं की नाही, हे तिने धोंडाबाईंना सरळ विचारलं, स्वतःचं नाव सांगून. धोंडाबाई वाघजाईची दिवाबत्ती करत. नवरा गेल्यापासून ते काम त्यांच्याकडे आलं होतं. चाळिशीच्या, काटक, बोलायला तुटक बाई. त्यांनी रशीदाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आत डुक्कर जातं, साप जातो. त्यांला कवा कुनी नाव इचारलंय? चपला तेवढ्या भाईर ठिवा."

आणि मग नियम सांगितला. आतलं काही बाहेर न्यायचं नाही. फूल नाही, फळ नाही, पडलेली वाळकी काटकीसुद्धा नाही. पावसाळ्यात चुलीला सरपण नसेल तर उपाशी झोपायचं, पण राईकडे बघायचं नाही. धोंडाबाईंच्या सासऱ्यांनी तेच केलं होतं, त्यांच्या वडिलांनीही. किती पिढ्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं. झाडांकडे बघून अंदाज करायचा म्हटलं तरी नजर वरपर्यंत पोचत नसे.

बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की आधी काहीच दिसत नसे. नुसता गारवा लागे पायांना. मग हळूहळू हिरड्याचे, आंब्याचे, जांभळीचे बुंधे अंधारातून वेगळे होत. त्यांच्यावरून मांडीएवढी जाड गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली, तिचा उगम कुठे हे आम्हाला कधी सापडलं नाही. डोळे सरावले की मग फुलं दिसत. पेवाचं पांढरं फूल, धुऊन पिळून ठेवलेल्या हातरुमालासारखं चुरगळलेलं. रानहळदीचे गुलाबी तुरे. सापकांद्याची हिरवी फणा आणि तिच्यातून निघालेली लांबच लांब जीभ. बुंध्यांवरच्या शेवाळात आमरीची, म्हणजे रानातल्या ऑर्किडची, मुळं रुतलेली. रशीदा प्रत्येकाशी उकिडवी बसे. हात लावत नसे. दोन्ही हात मागे बांधून, मान वाकवून बघे. शाळेत अखंड बोलणारी ही बाई इथे तासन्‌तास गप्प राहू शकते, याचं मला नवल वाटे.

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. पुणं वाढत होतं. कोथरूडच्या बाजूला माळावर चाळीच्या चाळी उठत होत्या आणि उन्हाळ्यात आमच्या पेठेतही नळ करंगळीएवढा येई. शहराला पाणी कमी पडणार म्हणून वरच्या एका खोऱ्यात भिंत घालायचं ठरलं. खोरं तेच होतं. वाडीला पलीकडे, पार पूर्वेला, भीमेच्या काठच्या सपाटीवर जमीन मिळणार होती. मी भूगोलाच्या तासाला धरणांचे फायदे फळ्यावर लिहून देत असे, आणि ते फायदे खोटे नव्हते. अजूनही नाहीत.

त्या वर्षीच्या भादव्यात कारवी फुलली.

ती सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरून जाते, हे रशीदाने मला आधी सांगितलं होतं. पण सांगितलेलं वेगळं. खोऱ्याच्या दोन्ही अंगांचे उतार वरपासून खालपर्यंत जांभळे-निळे झाले होते आणि मधमाश्यांचा आवाज इतका दाट होता की वाडीतून हाका मारताना आवाज चढवावा लागे. मधेच सोनकीचे पिवळे पट्टे. राईच्या कडेपर्यंत कारवी आली होती आणि तिथे थांबली होती, कारण पुढे सावली होती. वाडीतल्या बायका भाताच्या बेणणीतून, तण उपटता उपटता, कंबर सरळ करत आणि डोंगराकडे बघून पुन्हा वाकत. हे शेवटचं पीक. दिवाळीनंतर ठेकेदाराची माणसं येणार, बुडणारी झाडं तोडून नेणार, मग वाडी उठणार, मग पाणी. राईतल्या बुंध्यांवर तेव्हाच चुन्याचे पट्टे ओढून झाले होते.

रशीदाच्या मनात काय चाललं आहे हे तिने मला परतीच्या गाडीत सांगितलं. झाडं आपल्याला वाचवता येणार नाहीत, पण खालची फुलं? कंद, आमऱ्या, हळदी? काढून न्यायची, गच्चीवर जगवायची आणि वाडी नव्या जागी बसली की तिथे देवीभोवती लावून द्यायची. मी विचारलं, नियमाचं काय? ती म्हणाली की म्हणूनच पुढच्या रविवारी आधी धोंडाबाईंना विचारायचं आहे.

धोंडाबाईंनी ऐकून घेतलं. बराच वेळ त्या दातांत काडी घोळवत बसल्या. मग म्हणाल्या की हे मी कोण सांगणार, तिलाच विचारू. आम्ही तिघी आत गेलो. वाघजाई म्हणजे शेंदूर चढलेला एक उभट दगड. मागच्या जांभळीची मुळं त्याला दोन्ही बाजूंनी धरून बसलेली. धोंडाबाईंनी कौल लावला. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला दोन कळ्या ओल्या करून चिकटवल्या. उजवी पडली तर न्या, डावी पडली तर नको.

आम्ही बसून राहिलो. पानांवरून पाणी ठिबकत होतं. कुठलीच कळी पडेना. धोंडाबाईंनी दोनदा हात जोडून पुन्हा विचारलं. तेवढ्यात ऊन कलायला लागलं आणि गाडीची वेळ झाली. दोन्ही कळ्या होत्या तिथेच.

"तिलाबी कळंना झालंय," धोंडाबाई म्हणाल्या. उठल्या, कमरेचं खुरपं काढलं आणि पहिला सापकांदा त्यांनी स्वतःच्या हाताने उकरला. मग तो आमच्या हातात दिला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पोती घेऊन जायला लागलो. कंदांभोवतीची माती ढेकळासकट काढायची, ओल्या गोणपाटात बांधायची. आमऱ्यांसाठी बुंध्याची सालच सोलून आणली. एसटीचा कंडक्टर विचारी, बाई, हे काय? रशीदा म्हणे, देवीचं आहे. मग तो टपावर टाकायचा आग्रह सोडून देई. गच्चीवर अब्बांनी तेलाचे रिकामे डबे गोळा करून ठेवले होते. त्यांनी बांबू उभे केले, वर जुनी गोणपाटं शिवून छप्पर केलं, आणि दुकानातून दुपारी दोनदा जिना चढून येऊन ते त्यावर पाणी शिंपडत. गुडघे दुखत असतानाही.

दिवाळी झाली. मार्गशीर्षात एका सकाळी आम्ही शेवटचं सामान न्यायला गेलो, तर ओढ्यापासूनच करवतीचा आवाज ऐकू आला. राईचा अर्धा भाग उघडा पडला होता. जिथे कधी ऊन आलं नव्हतं तिथे ऊन पसरलं होतं, आणि त्या उन्हात शेवाळाची जमीन विटकरी होऊन तडकत होती. माणसं मोठ्या हिरड्याला लागली होती. ती काही राक्षस नव्हती; मजुरीवर आलेली, थकलेली माणसं होती. एकाने आम्हाला लांब उभं राहायला सांगितलं, इजा होईल म्हणून. झाड पडलं तेव्हा आधी कडकड झाली, मग वरून पक्ष्यांची घरटी, वेली, आमऱ्या, सगळं एकदम खाली आलं, आणि मग कितीतरी वेळ नुसती धूळ. रशीदाने माझा दंड धरला.

"अगं, चल इथून," ती म्हणाली. "मला नाही बघवत."

इतक्या वर्षांत ती मला अगं म्हणाली ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी तिला घेऊन वाडीकडे वळले.

वाडी उठली त्या दिवशीही आम्ही होतो. देवीला हलवायला गुरव आला होता, ट्रक उभा होता. पण दगड निघेना. जांभूळ तोडली होती, तरी तिची मुळं दगडाला आवळून होती. शेवटी पहारीने मुळं तोडावी लागली आणि त्यात दगडाचा एक टवका उडाला. धोंडाबाईंनी तो टवका उचलून पदरात बांधला. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्यांची खुराडी, नांगर आणि मधे पोत्यावर वाघजाई. चढण्याआधी त्या आमच्याजवळ आल्या. मला वाटलं निरोप घेतील. त्या म्हणाल्या, "आता आमची आई तुमच्या नळातनं यील. हंडा चांगला घासून ठिवा."

त्यात शिवी नव्हती, शापही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ सोडताना पहिल्यांदा मला हात मागे घ्यावासा वाटला. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी अभिमानाने सांगत नाही.

गच्चीवरची झाडं मरायला सुरुवात झाली ती पौषात. आधी आमऱ्या. त्यांची मुळं करडी पडून सालीवरून सुटली. रानहळदीची पानं वाळणं ठीक होतं, त्या काळात ती वाळतातच. पण कंद दाबून पाहिले तर मऊ लागत होते. रशीदाने वाचता येईल ते वाचलं, विचारता येईल त्यांना विचारलं. पाणी कमी केलं, वाढवलं, राख घातली, पालापाचोळा घातला. वैशाखात भवानी पेठेतले पत्रे तापले की गोणपाटाच्या खालीही भट्टी होई. पुढच्या पावसाळ्यात एका डब्यातून सापकांद्याचा एक कोंब आला. अब्बांनी दुकानातल्या गिऱ्हाइकालासुद्धा वर नेऊन दाखवला. बोटभर वाढला, पिवळा झाला, बसला.

आपण काय आणलं होतं, हे मला तेव्हा कळलं. आपण झाडं आणली होती. ती ज्यात होती ते आणता आलं नव्हतं. शेकडो वर्षं कुणी काटकीही न उचलल्यामुळे साचलेली कूज, ती सावली, तो ठिबकणारा गारवा, हे कुठल्या पोत्यात भरणार? रशीदाला हे मुळीच नवीन नव्हतं. ती विज्ञानाची बाई होती. तरी तिने जिने चढून माती वाहिली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी आम्ही दोघी नव्या वाडीला जाऊन आलो. सपाट, काळी जमीन, दूरवर एक बाभूळ. सारख्या आकाराची घरं ओळीने. देवीला पत्र्याची शेड केली होती आणि आत उन्हाने तापलेल्या फरशीवर वाघजाई एकटी उभी होती. टवका सिमेंटने बसवला होता, पण रंग जुळला नव्हता. धोंडाबाईंनी चहा दिला. इथे वारा कशाला अडतच नाही, म्हणाल्या. सारखा कानाशी वाजतो. डोंगर नाही तर ऊन कधी कललं हे कळत नाही. मग त्यांनी विचारलं, "आमची झाडं हायत का?"

मी कपात बघत होते. रशीदा म्हणाली, "आहेत."

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली की खरं सांगायला जीभच वळली नाही. मी तिचा हात हातात घेतला.

पुढल्या वर्षी भादव्यात धोंडाबाई पुण्याला आल्या. जमिनीचा तुकडा अजून नावावर झाला नव्हता, म्हणून कचेरीत हेलपाटा होता. तिथून त्या विचारत विचारत भवानी पेठेत पोचल्या. मी योगायोगाने तिथेच होते. अब्बांनी त्यांना दुकानात बसवून पाणी दिलं. त्या म्हणाल्या, आधी झाडं बघते. रशीदाने मला हाक मारली आणि आम्ही तिघी जिना चढलो.

गच्चीवर डबे ओळीने होते. माती भरलेले, झाडं नसलेले. गोणपाट वाऱ्याने फाटून एका बांबूला लोंबत होतं. रशीदा म्हणाली, "धोंडाबाई, मी खोटं बोलले. एकही जगलं नाही."

"ठावं हाय," धोंडाबाई म्हणाल्या. "तवाच कळलं. तुमी माज्याकडं न बघता बोलला."

त्या एका डब्याशी बसल्या. मातीत हात घातला. आतून एक कंद निघाला, वाळून पोकळ झालेला, बोटांत चुरला गेला. रशीदा रडत होती. धोंडाबाई रडल्या नाहीत. त्यांनी मूठभर माती उचलून नाकाशी नेली. खालून अब्बांच्या ठोकणीचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "माती तर तितलीच हाय ना ही?"

रशीदाने मान हलवली.

"मग ही द्या मला."

आम्ही तिघींनी एकेक डबा पालथा करून सगळी माती एका पोत्यात भरली. अब्बांनी सुतळीने तोंड शिवलं, पुस्तक शिवावं तसं, आखूड टाके घालून. ते पोतं आम्ही हातगाडीवरून एसटी स्टँडवर नेलं. गाडी सुटताना धोंडाबाईंनी ते सीटच्या खाली पायांशी धरून ठेवलं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

रशीदा जाऊनही आता काही वर्षं झाली. शेवटी ती पुतण्याकडे कोंढव्याला असे. तिथल्या सातव्या मजल्याच्या बाल्कनीत तिने एकही कुंडी ठेवली नव्हती. कुणी भेट आणली तर शेजारणीला देऊन टाकी. आम्ही बोलत असू, पण त्या भादव्याबद्दल नाही. सानिकाने आणलेल्या डहाळीबद्दल मात्र मी तिला सांगितलं असतं. ती काय म्हणाली असती कुणास ठाऊक. कदाचित विचारलं असतं, तोडली कशाला.

धोंडाबाईंना आम्ही त्यांनी ते पोतं नेल्यानंतर एकदाच भेटलो, दोन पावसाळ्यांनंतर. त्या थकल्या होत्या. जमीन नावावर झाली होती, पण मुलगा ती विकून दौंडला गेला होता. रशीदाने मातीचं विचारलं. त्या आम्हाला शेडच्या मागे घेऊन गेल्या. देवीच्या पाठीशी त्यांनी ती पसरली होती, तांबूस, पाचोळ्याची, वास येणारी. काहीतरी उगवेल म्हणून पहिल्या पावसात त्या रोज बघायला येत होत्या. उगवलं नाही. मग दुसरा पाऊस जोराचा झाला.

त्या वाकून जमीन बघत होत्या. पायाने थोडं उकरलं, मग बाजूला, मग आणखी थोडं पलीकडे. सगळीकडे तीच काळी, चिकट माती.

"इथंच टाकली हुती," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, शेडच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बघितलं. "का तिकडं, ध्यानात येत न्हाय."